पहिला अधिकृत रीमिक्स: मेलपासून रिलीजपर्यंतचे 5 महिने 11 दिवस

9 जानेवारी 2025ला रात्री उशिरा मेल आला. एका छोट्या लेबलच्या, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीच्या, व्यवस्थापिकेने विचारलं होतं, आमच्या एका गाण्याचा क्लबसाठी रीमिक्स कराल का? माझा एक बूटलेग तिने कुणाच्या तरी सेटमध्ये ऐकला होता आणि शोधत शोधत ती माझ्यापर्यंत पोचली होती. मेल वाचून दिवा मालवला, आणि पुन्हा उठून वाचला.

बूटलेग म्हणजे परवानगी न घेता केलेला रीमिक्स. मी चार वर्षं तेच करत होते. दुसऱ्याच्या गाण्यातला आवाज कसाबसा वेगळा काढायचा, त्याखाली आपली किक (तालाचा जड ठोका) आणि बेस (खालचे खोल सूर) घालायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि आपल्या सेटमध्ये वाजवायचा. तो विकता येत नाही, आणि साउंडक्लाउड या गाण्यांच्या संकेतस्थळावर चढवला तर किती दिवस राहील याचा भरवसा नसतो. त्यामुळे ‘अधिकृत’ म्हणजे नेमकं काय काय, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्या पाच महिन्यांत ज्याला त्याला विचारत राहिले. उत्तरं मिळाली, पण तुकड्यातुकड्यांनी. कुणाच्या हाती असा पहिला मेल पडला असेल तर त्याला सगळं एका जागी मिळावं म्हणून हे तारीखवार लिहिते आहे.

लगेच ‘हो’ कळवणार होते. त्याआधी दादांना फोन केला. ते वीस वर्षं डीजे आहेत आणि माझं सगळं अर्धंकच्चं काम तेच पहिल्यांदा ऐकतात. ते म्हणाले, “हो म्हण, पण आधी पाच गोष्टी विचारून घे. मानधन ठरलेलं आहे की ‘आवडला तर घेऊ’? मुदत किती? कुठकुठल्या आवृत्त्या हव्यात? किती वेळा बदल करून मागणार? आणि नापसंत पडला तर काय?” पाचही प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारले. उत्तर आलं: मानधन ठरलेलं, निम्मं सहीनंतर आणि निम्मं मंजुरीनंतर. पहिल्या आवृत्तीला चार आठवडे. दोन वेळा बदल. नापसंत पडला तरी पहिला हप्ता माझाच. शेवटचं वाक्य वाचून फार हलकं वाटलं. ‘आवडला तर घेऊ’ म्हणणारे पुष्कळ असतात आणि त्यात महिना-महिना फुकट जातो.

स्टेम्स सोमवारी, 13 जानेवारीला आले. स्टेम म्हणजे गाण्यातला प्रत्येक घटक वेगळ्या फाइलमध्ये: गायिकेचा आवाज, कोरस, ड्रम्स, बेस, पियानो. 41 फाइली होत्या, निम्म्यांची नावं ‘ऑडिओ 07’ अशा धाटणीची. पहिली संध्याकाळ त्या ऐकून नावं बदलण्यातच गेली. टेम्पो 118 (मिनिटाला तेवढे ठोके) लिहिला होता, पण ड्रम्स माणसाने वाजवले होते आणि क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) न लावता वाजवले होते. त्यामुळे कडव्यात लय किंचित मागे रेलायची, ध्रुपदाला पुढे सरायची. मूळ गाण्यात तेच गोड लागतं. क्लब ट्रॅकमध्ये मात्र किक घड्याळासारखी पडते आणि आवाज तिच्यावरून घसरतो. दोन संध्याकाळी बसून ओळ न् ओळ ग्रिडला (संगणकातल्या समान मात्रांच्या रेघांना) जुळवली.

स्टेम्स मागताना काय काय मागावं ते आता माहीत झालंय. आवाज दोन्ही प्रकारे मागा, इफेक्टसकट आणि कोरडा. सगळ्या फाइली गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या हव्यात, नाहीतर कुठला तुकडा कुठे बसतो हे शोधण्यात जीव जातो. टेम्पो, स्केल आणि मूळ मिक्सची एक फाइल सोबत मागा. मला इफेक्ट असलेलाच आवाज आला होता आणि त्यातला रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा) काढता येत नव्हता. कोरडा आवाज पुन्हा मागवला, तो चार दिवसांनी आला. त्या मेलमध्ये एक ओळ होती, स्टेम्स कुणालाही पुढे पाठवू नयेत. वाजवी होतं. गाणं त्यांचं, मला काही दिवसांसाठी उसनं मिळालेलं.

टेम्पो 124 करायचं ठरवलं. 118वरून 124 म्हणजे पाच टक्के वाढ. जुन्या तबकडीसारखा नुसता वेग वाढवला असता तर सूरही जवळजवळ एक सेमीटोन (अर्धा सूर) वर गेला असता आणि गायिका ओळखू आली नसती. म्हणून सूर जागेवर ठेवून फक्त वेळ आवळली. पाच टक्क्यांत आवाज बहुतेक ठिकाणी टिकतो, फक्त ‘स’ आणि ‘श’ जिथे लांबलेले असतात तिथे खरखर येते. असे अक्षरांचे तुकडे मूळ वेगातलेच कापून हाताने परत बसवले. हे कुणाला ऐकू येत नाही, आणि येऊ नये म्हणूनच करायचं असतं.

रचना करताना मी डीजे आहे याचा उपयोग झाला. क्लबमधला ट्रॅक एकटा वाजत नाही, आधीच्या ट्रॅकमधून निघतो आणि पुढच्यात शिरतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या तालाचा भाग लागतो. 124 च्या वेगाला चार मात्रांचा एक बार 1.94 सेकंदांचा होतो, म्हणजे 32 बार साधारण 62 सेकंद. तेवढ्यात दुसरा ट्रॅक जुळवून, बेसची अदलाबदल करून बाहेर पडता येतं. मी इंट्रो (सुरुवातीचा भाग) 32 बारांचा ठेवला. पहिले 16 बार फक्त किक, हॅट (ड्रम्समधली छोटी झांज) आणि टाळी, सूर काहीच नाही, म्हणजे कुठल्याही स्केलमधल्या ट्रॅकवर तो चढवता येतो. पुढच्या 16 बारांत बेस हळूहळू येतो. बदल दर आठ किंवा सोळा बारांनीच होतात. डीजे मनात मोजत असतो, आणि सातव्या बारालाच काही आलं तर त्याचा हात चुकतो.

या लांबण लावण्याच्या पद्धतीमागे माझा आवडता इतिहास आहे. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांनी डिस्को गाणी नाचणाऱ्यांसाठी ताणायला सुरुवात केली, आणि त्याच सुमारास 12 इंची सिंगल रूढ झाली. सात इंची तबकडीपेक्षा तिच्यात खाचांना ऐसपैस जागा मिळते, त्यामुळे आवाज मोठा आणि बेस भरीव कोरता येतो. आपण आज ‘एक्स्टेंडेड मिक्स’ असं नाव देतो तेव्हा तीच परंपरा चालवत असतो.

27 जानेवारीला करारनामा आला, 11 पानांचा. मी पाचव्या पानावर अडकले आणि सरळ एका वकिलाकडे गेले. त्यांचं शुल्क माझ्या एकूण मानधनाच्या सहाव्या हिश्शाएवढं झालं. पहिल्या करारासाठी हा खर्च मी पुन्हाही करेन, कारण त्या एका तासात जे समजलं ते पुढे कायम कामाला येईल.

गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. रीमिक्स करणारा रचनेत नवीन काही लिहीत नाही असं धरलं जातं, त्यामुळे शब्द-चालीच्या हक्कात त्याला बहुधा वाटा नसतो. मी बेसची नवी सुरावट केली होती, तरी नाही. ध्वनिमुद्रण नवं होतं, पण ठरीव मानधन घेऊन ते लेबलच्या नावे करायचं होतं. मी विक्रीतला छोटा वाटा मागितला. त्यांनी नम्रपणे नकार दिला. वाईट वाटलं, पण तीन गोष्टी मात्र मान्य झाल्या: माझं नाव ज्या स्पेलिंगने लिहिते त्याच स्पेलिंगने सगळीकडे यावं, रिलीजच्या आधीही मला माझ्या सेटमध्ये ट्रॅक वाजवता यावा, आणि हमीचं कलम फक्त मी भर घातलेल्या आवाजांपुरतं असावं.

हे हमीचं कलम नीट वाचा. त्यात आपण लिहून देतो की, यात दुसऱ्याचं काही न विचारता वापरलेलं नाही. माझ्या तालात सॅम्पल पॅकमधला (तयार आवाजांच्या संचातला) एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, होता. त्याचा परवाना रीतसर होता, पण तोच लूप जगात आणखी किती ट्रॅकमध्ये असेल कुणास ठाऊक. युट्यूबची कंटेंट आयडी व्यवस्था आवाजाचे ठसे जुळवते, आणि असा तयार लूप जसाच्या तसा ठेवला तर भलत्याच ट्रॅकशी जुळून दावा येऊ शकतो. मी तो लूप काढून त्या जागी शेकर (खुळखुळ्यासारखं वाद्य) स्वतः वाजवून रेकॉर्ड केला. बाकीच्या सॅम्पलांचे परवाने आणि पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवल्या.

सही 14 फेब्रुवारीला झाली. पहिल्या हप्त्याचं बिल मी त्याच दिवशी पाठवलं आणि ते परत आलं, कारण त्यावर त्यांचा ऑर्डर क्रमांक नव्हता. तो मागवून पुन्हा पाठवलं, तर करनिवासाचा दाखला मागितला, म्हणजे परदेशातून पैसे येताना तिथला कर जास्त कापला जाऊ नये. तो काढायला अकरा दिवस गेले. पैसे आले 28 मार्चला. सही व्हायच्या आधीच बिलावर काय काय लागतं ते विचारून ठेवलं असतं तर तीन आठवडे तरी वाचले असते.

करारनामा इकडे चालू असतानाच पहिली आवृत्ती 10 फेब्रुवारीला, मुदतीच्या दिवशी पाठवली होती. मग नऊ दिवस शांतता. या शांततेत माणूस स्वतःचं काम ऐकून ऐकून नासवतो. मी चौथ्या दिवसानंतर फाइल उघडायचीच नाही असं ठरवलं आणि ते पाळलं.

19 तारखेला उत्तर आलं. लेबलला ताल आवडला होता, ड्रॉप (किक आणि बेस एकदम परततात ती जागा) आवडला होता. खाली गायिकेने स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या: दुसरं कडवं तुम्ही पूर्ण काढून टाकलंय. गाणं मी त्या कडव्यासाठी लिहिलं होतं.

मी दुसरं कडवं काढलं होतं हे खरं. चाल तीच होती, शब्द जास्त होते आणि नाचणाऱ्यांना तिथे थांबावं लागलं असतं. क्लबच्या हिशोबाने माझा निर्णय बरोबरच होता. पण त्या दिवशी कोरडा आवाज लावला आणि ते कडवं एकटं ऐकलं. त्यात ती घर रिकामं करते आहे. वस्तू मोजते आहे. शेवटच्या ओळीला तिचा श्वास अर्ध्यात तुटतो आणि ती तो तसाच ठेवते. पाच आठवडे माझ्या संगणकात तो श्वास होता आणि मला तो ऐकू आला नव्हता.

मग ड्रॉपच्या आधीचा सगळा भाग मोडला. किक काढून 16 बारांचा ब्रेकडाउन केला, त्यात फक्त एक लांब सूर आणि हे कडवं. इफेक्ट काहीच नाहीत, रिव्हर्बसुद्धा नावापुरता. ब्रेकडाउनमध्ये सहसा वर चढत जाणारा गोंगाट घालतात, त्याने लोकांना कळतं की आता ड्रॉप येणार. मी तो घातला नाही. शेवटचा श्वास तुटतो, एक मात्रा पूर्ण शांतता, आणि मग किक. या एका जागेवर दहा दिवस गेले. आवृत्ती दोन 3 मार्चला पाठवली, आणि त्याच दिवशी दादांनाही.

8 मार्चच्या शनिवारी दादांनी ती क्लबमध्ये वाजवली. मी मागे, बारजवळ उभी होते. इंट्रो छान बसला. मग बेस यायची वेळ झाली आणि बेस आलाच नाही. म्हणजे होता, पण पोकळ, जणू शेजारच्या खोलीत वाजतोय. दादांनी मिक्सरवरचं लो वाढवलं, उपयोग झाला नाही. ती दोन मिनिटं मला खूप लांब वाटली.

कारण सापडायला चार दिवस गेले. हेडफोनवर बेस रुंद वाटावा म्हणून मी त्याच्यावर स्टिरिओ रुंद करणारा इफेक्ट लावला होता. त्यात डाव्या आणि उजव्या बाजूच्या लहरी एकमेकींच्या उलट होतात. अनेक क्लबमध्ये साउंड सिस्टिम मोनो असते (डावं-उजवं एकत्र वाजतं), निदान सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर, तरी. दोन्ही बाजू एकत्र आल्या की लहरी एकमेकींना खातात. दुरुस्ती तासाभराची: 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो केलं आणि इफेक्ट काढून टाकला. आता काहीही बाहेर पाठवण्याआधी मी मास्टरवर मोनोचं बटण दाबून पूर्ण ट्रॅक ऐकते. शक्य असेल तर मंजुरीआधी खऱ्या सिस्टिमवर एकदा वाजवून घ्याच. तिथे जे कळतं ते घरच्या स्पीकरवर कळत नाही.

आवृत्ती तीन 12 मार्चला गेली. 21 मार्चला मंजुरी आली. गायिकेने एकच शब्द लिहिला होता: धन्यवाद.

मास्टरिंगचा, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवण्याचा, खर्च लेबलचा होता. त्यांच्या इंजिनिअरला तीन फाइली द्यायच्या होत्या: एक्स्टेंडेड मिक्स, रेडिओ एडिट आणि इन्स्ट्रुमेंटल. लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारा इफेक्ट) काढून, सर्वात मोठं शिखर उणे 6 डेसिबलच्या आसपास, 24 बिट वेव्ह. पहिला मास्टर फार मोठ्या आवाजाचा आला, किकचा टोकदारपणा दबला होता. मी एकदाच आणि नेमकं लिहिलं: दुसऱ्या ड्रॉपमध्ये किकची सुरुवात चपटी वाटते, एक डेसिबल कमी चालेल. 9 एप्रिलला नवा मास्टर आला, साधारण उणे साडेसात लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो याचं माप). स्पॉटिफाय साधारणपणे सगळं उणे 14 लफ्सवर आणून वाजवतं, त्यामुळे त्याच्यासाठी ओरडण्यात काही अर्थ नसतो. क्लबसाठी मात्र इतर ट्रॅकच्या शेजारी आपला ट्रॅक मिणमिणता वाटू नये एवढा आवाज हवा.

मग आला तक्ता. 22 एप्रिलला लेबलने माहिती भरायची फाइल पाठवली. तीन आवृत्त्या, प्रत्येकीला 27 रकाने. कंटाळवाणं काम, पण इथली चूक सहा महिने पाठ सोडत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 12 अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. रीमिक्स हे नवं ध्वनिमुद्रण आहे, म्हणून मूळ गाण्याचा क्रमांक इथे चालत नाही, आणि तीन आवृत्त्यांना तीन वेगळे क्रमांक लागतात. पूर्ण रिलीजचा बारकोड क्रमांक निराळा. गाण्याचं नाव एका रकान्यात, आवृत्तीचं नाव दुसऱ्या रकान्यात, रीमिक्स करणारी म्हणून माझं नाव तिसऱ्या रकान्यात. गीतकार-संगीतकार म्हणून मूळ लोकांचीच नावं. बीटपोर्ट या डीजेंच्या ऑनलाइन दुकानासाठी एकच मुख्य प्रकार निवडायचा असतो. मी प्रोग्रेसिव्ह हाउस आणि मेलोडिक हाउस अँड टेक्नो यांत दोन दिवस घुटमळले. शेवटी माझा ट्रॅक डीजे कुठल्या ट्रॅकच्या शेजारी वाजवतील, याची दहा नावं लिहून काढली. त्यातली सात मेलोडिकमधली निघाली, प्रश्न मिटला. मुखपृष्ठ 3000 गुणिले 3000 पिक्सेल, ते लेबलने केलं.

16 मे रोजी वितरकाकडचं (स्पॉटिफायसारख्या सेवांना गाणी पोचवणाऱ्या कंपनीकडचं) पूर्वदृश्य पाहिलं तर माझा रीमिक्स माझ्याच नावाच्या दुसऱ्या एका कलाकाराच्या पानावर जोडलेला होता. तो वेगळाच माणूस, वेगळंच संगीत. दोन तक्रारी नोंदवून, माझ्या पानाचा दुवा देऊन, नऊ दिवसांनी ते सुटलं. रिलीजनंतर लक्षात आलं असतं तर पहिल्या आठवड्याचे ऐकणारे त्या दुसऱ्या पानाकडेच गेले असते. पूर्वदृश्य स्वतः तपासा. लेबल तपासेलच, पण तुमचं नाव तुमच्याइतक्या काळजीने दुसरं कोण पाहणार.

23 मेपासून, म्हणजे चार आठवडे आधी, प्रोमो निघाला. निवडक डीजेंना खासगी दुवा जातो, ते ऐकतात, पटला तर उतरवून घेतात आणि दोन ओळी लिहितात. न्यूयॉर्कमधले डीजे डेव्हिड मॅन्क्युसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल सुरू केला तेव्हा देवघेव हीच होती: कंपन्यांनी नव्या तबकड्या डीजेंना फुकट द्यायच्या, डीजेंनी त्यावर लोक नाचले की नाही ते कळवायचं. आता तबकडीच्या जागी दुवा आला. आमची यादी 214 जणांची होती. 61 जणांनी उतरवून घेतला, 19 जणांनी काही लिहिलं. सुरुवातीला मी दर तासाला पान उघडून पाहत होते, नंतर लेबलच्या व्यवस्थापिकेला सांगितलं की आठवड्यातून एकदाच कळवा. एका अभिप्रायाने फार बरं वाटलं: ‘ब्रेकडाउनमध्ये पुढचा ट्रॅक आणायचा विचार होता, पण तिथे हात लावावासा वाटला नाही.’ दुसऱ्या एकाने आउट्रो (शेवटचा नुसत्या तालाचा भाग) छोटा आहे असं लिहिलं, आणि ते बरोबर होतं. मी 16 बारच ठेवले होते. पुढच्या वेळी 32.

डीजेंना फाइल देताना एआयएफएफ प्रकारची द्या, निदान तोही पर्याय ठेवा. वेव्ह फाइलमध्ये नाव, स्केल, मुखपृष्ठ ही माहिती नीट टिकत नाही आणि मग डीजेच्या रेकॉर्डबॉक्समध्ये (ट्रॅक लावून ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तुमचा ट्रॅक निनावी पडून राहतो. फाइलच्या नावातच टेम्पो आणि स्केल लिहिलं तर आणखी उत्तम. माझ्या फाइलवर 124 आणि 8ए होतं. कॅमेलॉट चक्रावर (स्केलना क्रमांक देणाऱ्या डीजेंच्या तक्त्यावर) 8ए म्हणजे ए मायनर.

20 जून, शुक्रवार. जुलै 2015 पासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच येतं. मध्यरात्री जागून पान उघडलं, नाव बरोबर होतं, तीनही आवृत्त्या होत्या. झोपले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतला एक मिनिटाचा व्हिडिओ चढवला आणि त्यावर हक्काचा दावा आला. घाबरून लेबलला लिहिलं. दावा त्यांच्याच बाजूने आपोआप लागला होता, ध्वनिमुद्रण त्यांच्या मालकीचं असल्याने व्यवस्थेने तिचं काम केलं होतं. माझं चॅनल सवलतीच्या यादीत घातल्यावर तीन दिवसांत दावा उठला. हे रिलीजच्या आधीच सांगून ठेवता येतं.

28 जूनला मी स्वतः तो वाजवला. ब्रेकडाउन आला तेव्हा मी मिक्सरवरचे हात काढून घेतले. पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे मिटून उभी होती. शेवटचा श्वास, एक मात्रा, आणि किक पडायच्या आत तिने डोळे उघडले. तिला तो कुठे येणार हे माहीत होतं. म्हणजे तिने तो आधी ऐकला होता.

मंजुरीनंतरचा दुसरा हप्ता एप्रिलच्या अखेरीस जमा झाला होता. विक्रीत वाटा नसल्यामुळे पुढचे तिमाही हिशोब माझ्याकडे येणार नाहीत. करारातलं एकच काम उरलं होतं. नवव्या पानावर लिहिलं होतं, रिलीजनंतर 30 दिवसांत सगळे स्टेम्स नष्ट करावेत आणि तसं लेखी कळवावं. मी 18 जुलैला बसले. त्यांची 41 फाइलींची मूळ फोल्डर, नंतर आलेला कोरडा आवाज, बॅकअपच्या डिस्कवरची प्रत, सगळं शोधून एकत्र केलं. काढून टाकण्याआधी दुसरं कडवं एकदा पूर्ण ऐकलं, किक नाही, बेस नाही, नुसती ती. मग फाइली काढल्या, कचराटोपली रिकामी केली आणि मेल लिहिला. पाच मिनिटांत उत्तर आलं: मिळालं, नोंद केली.